तक्रार नाही, म्हणून जंत नाहीत?

कोल्हापूरच्या माणसाला आपल्या तब्येतीचा अभिमान असतो, आणि तो त्याला शोभतोही. पेठापेठांतून तालमी, गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेले म्हशीचे दूध, घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्तीसाठी खुद्द शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान! अशा गावात चारचौघींत जंतांचा विषय काढा, बायका हसतील. एखादी म्हणेल, "जंत व्हायला आम्ही काय शेंबडी पोरं आहोत?" दुसरी म्हणेल, "आमच्यात कुणाचं पोट दुखत नाही, सगळे पोटभर जेवतात. मग जंत कुठनं येणार?"

मैत्रिणींनो, आपला हिशेब चुकतो तो इथेच. पोट दुखत नाही, जुलाब नाहीत, ताप नाही, म्हणजे शरीरात परजीवी नाही, असे समजून आपण निर्धास्त राहतो. पण पुष्कळसे परजीवी धडधाकट माणसाच्या शरीरात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे तोंडातून ब्र न काढता राहतात. तालमीत घुमणाऱ्या पैलवानालाही ते सोडत नाहीत. चांगली प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते, पण दर वेळी घराबाहेर काढू शकतेच असे नाही.

हे वाचून दचकू नका, आणि लगेच औषधाच्या दुकानातही धावू नका. हे पाहुणे गप्प का बसतात, गप्प बसून काय करतात आणि त्यांना दाराबाहेर कसे ठेवायचे, एवढे समजून घेतले तरी निम्मे काम होते.

पाहुणा गप्प का बसतो?

आंब्याच्या झाडावरचे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिलेले आहे. झाड मेले तर बांडगूळही मरेल, म्हणून ते झाडाला एकदम मारीत नाही, हळूहळू त्याचा रस पीत राहते. परजीवीचा स्वभावही असाच. ज्या घरात राहायचे तिथे भांडण नको!

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. टायफॉइडचे जंतू शरीरात शिरले की एकाचे हजार, हजाराचे लाख होतात, म्हणून ताप चढतो आणि आजार लपत नाही. पोटातले बहुतेक जंत तसे वाढत नाहीत. ते अंडी घालतात, पण ती अंडी शौचावाटे बाहेर पडून मातीत पिकावी लागतात. म्हणजे जितकी अंडी तोंडावाटे आत गेली, फार तर तितकेच जंत पोटात होणार. चार-पाच जंत असले तर चांगल्या जेवणाऱ्या बाईला त्यांचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडचा नेहमीचा गोल जंत वीतभर किंवा त्याहून लांब असतो, त्याची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, तरी घरातल्या कुणाला कळत नाही. एखाद्या दिवशी पोराच्या शौचातून जंत पडला की मग घरात धावपळ उडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मातीतून पसरणारे जंत जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात आहेत, म्हणजे जवळजवळ दर चार माणसांमागे एकाच्या. तेव्हा यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र "गप्प आहे म्हणजे निरुपद्रवी आहे" असेही नाही. ह्या मुक्या पाहुण्यांचे तीन उद्योग असतात. कुणी हळूहळू रक्त पितो, कुणी आपल्यामार्फत घरातल्या दुसऱ्याकडे जातो, आणि कुणी वर्षानुवर्षे दबा धरून बसतो नि अवचित उठतो.

आळशी की अशक्त?

पहिला उद्योग अंकुशकृमीचा. आपण बायकांनी याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे.

हा कृमी असतो सेंटिमीटरभर लांबीचा. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. जातीप्रमाणे एका कृमीमुळे रोज ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त जाते. आकडा क्षुल्लक वाटतो ना? आता गुणाकार करा. कमी पिणाऱ्या जातीचे ५० कृमी धरले तरी रोजचे दीड मिलिलिटर, महिन्याचे ४५ मिलिलिटर रक्त झाले. बाईच्या एका पाळीत सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे त्या बाईला दर महिन्याला एकीऐवजी दोन पाळ्या येतात म्हणा ना! एक दिसते आणि दुसरी दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

अशा बाईचे पोट दुखत नाही. तिला जिना चढताना धाप लागते, दुपारी चारला अंग मोडून येते, केस गळतात, कशात लक्ष लागत नाही. घरातले काय म्हणतात? "हिला कामाचा कंटाळा." सासूबाई म्हणतात, "आम्ही तर चार-चार घागरी पाणी भरत होतो." आणि काही दिवसांनी तिला स्वतःलाही वाटू लागते, की आपण मुळात आळशीच आहोत.

हा शिक्का एकेकाळी अमेरिकेतल्या एका अख्ख्या मुलुखावर बसला होता. तिथल्या दक्षिण भागातली माणसे जात्याच सुस्त, असे सगळे म्हणत. १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून तिथे आरोग्याची मोहीम निघाली आणि तपासणीत दिसले, की शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या पोटात अंकुशकृमी आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला 'आळसाचा जंतू' असे नावही देऊन टाकले. औषध, संडास आणि पायात जोडे एवढ्या तीन गोष्टींनी माणसे हुशारली.

आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १०० त ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. या सगळ्यांना जंतच झाले होते असे अजिबात नाही. अपुरे जेवण, जास्त जाणारी पाळी, पाठोपाठची बाळंतपणे अशी कारणे पुष्कळ असतात. पण लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल, तर घागरीला कुठे भोक आहे का, हे पाहायला नको का? डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "जंतांची तपासणी करायची का?"

हा कृमी तोंडावाटे कमी आणि तळपायाच्या कातडीतून जास्त शिरतो. सावलीच्या ओल्या मातीत त्याची डोळ्यांना न दिसणारी पिले असतात. अनवाणी पाऊल पडले की बोटांच्या बेचक्यातून ती आत जातात. तिथे दोन दिवस खाज सुटते, आपण चिखल्या झाल्या असे समजून मेंदी लावतो आणि विसरून जातो. ज्या कोल्हापुरी चपलेने जगभर नाव काढले, ती चपल आपण बांधावर काढून ठेवतो आणि अनवाणी उसात, भाजीच्या वाफ्यात उतरतो! गावाकडे भांगलणीला किंवा माळव्याला हात लावायला जाल, तेव्हा रबरी बूट किंवा निदान बंद चप्पल पायात असू द्या. शहरात परसात शेणखत घालतानाही हेच करा. मुलांना ओल्या मातीत खेळू द्या, पण पायात काही घालून.

चव चांगली, हात मुका

दुसरा उद्योग आमांशाच्या अमीबाचा. हा एका पेशीचा जीव. ज्यांच्या पोटात तो असतो त्यांच्यापैकी दहांत नऊ जणांना काहीही त्रास होत नाही. आव नाही, कळ नाही. पण अशा माणसाच्या शौचातून त्याचे कोष बाहेर पडत राहतात, आणि ओलाव्यात ते बरेच दिवस तग धरतात. असा माणूस शौचाहून आल्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन कोशिंबीर कालवायला बसला, की कोष पंगतीतल्या प्रत्येकाच्या पानात पडतात. ज्याला कोष आला त्याला आव होईल, किंवा महिन्या-वर्षाने एखाद्याच्या यकृतात गळू होईल. यकृताचे हे गळू तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांत अधिक आढळते, आणि आपल्याला पूर्वी कधी आव झाली होती हे त्यांतल्या पुष्कळांना आठवतही नाही.

१९३३ साली शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथल्या दोन हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना आमांश झाला. सांडपाण्याचे नळ आणि पिण्याच्या पाण्याचे नळ एकमेकांत मिसळत होते. पाहुणे मात्र धडधाकट घरी परतले. आजार उठला तो नंतर, देशभर विखुरलेल्या गावांत, आणि डॉक्टरांना आधी वेगळीच शंका आली. सुमारे १,४०० लोकांना लागण झाली आणि ९८ माणसे दगावली. पाणी दिसायला स्वच्छच होते!

आता आपल्या नळाकडे वळू. कोल्हापूर वर्षानुवर्षे पंचगंगेचे पाणी प्यायले. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळवाहिनीने शहराच्या दारात आले. धरण चांगले, शुद्धीकरण चांगले. पण गटाराच्या कडेने आपल्या दारापर्यंत आलेला शेवटचा नळ जुनाट असेल, तर पाणी बंद असताना बाहेरची घाण त्यात ओढली जाते. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते: पाण्यात नेहमीच्या प्रमाणात घातलेल्या क्लोरीनने कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण अमीबाचे आणि त्याचा भाऊबंद जो जियार्डिया त्याचे कोष सहज मरत नाहीत. तुरटीने गाळ तळाशी बसतो, कोष मरत नाहीत. पाणी खळखळून उकळले आणि मिनिटभर तसेच उकळू दिले, की दोन्ही मरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ज्यांच्या विहिरीत, टाकीत पुराचे पाणी शिरले होते त्यांना हे सांगायला नको. पण पूर नसतानाही पावसाळ्याचे चार महिने ही सवय सोडू नका. वाडीला संगमावर श्रद्धेने आचमन करतो, तेव्हाही पाणी ओठाला लावावे, ओंजळभर पिऊ नये.

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. शौचाच्या तपासणीत 'सिस्ट दिसले' असा शेरा आला की घाबरून जाऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसणारे दोन अमीबा आहेत. एक आमांश करतो, दुसरा बिचारा काहीच करीत नाही. एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ साली हे सांगितले होते. ते शास्त्रात पक्के व्हायला १९९३ साल उजाडले. तेव्हा औषध घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. दुसरी गोष्ट, घरात कुणाला आव झाली की पहिले बोट भांड्याच्या मावशींकडे दाखवायची रीत सोडून द्या. मुका पाहुणा आपल्या पोटातही असू शकतो. त्यांच्यासाठी साबण आणि आपल्या घरचा संडास मोकळा ठेवा. त्यात त्यांचा मान राहतो आणि आपलेही भले होते.

ज्या घरात मांसच शिजत नाही, तिथेही

तिसरा उद्योग दबा धरून बसणाऱ्यांचा. त्यांत पहिला मान डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीचा. "आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही," असे म्हणणाऱ्या भगिनींनी हा भाग मुद्दाम वाचावा.

याचे दोन रस्ते आहेत, आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. अर्धेकच्चे डुकराचे मांस खाल्ले तर आतड्यात लांबलचक पट्टकृमी होतो. तो सहसा काही त्रास देत नाही. त्या माणसाच्या शौचातून मात्र अंडी पडतात. ती अंडी घाण पाण्यातून, भाजीवरून किंवा न धुतलेल्या हातावरून दुसऱ्याच्या पोटात गेली, की त्यातून निघालेली पिले रक्तावाटे स्नायूंत आणि मेंदूत जाऊन बसतात. तिथे त्यांच्या मोत्याएवढ्या गाठी होतात. म्हणजे मेंदूतला आजार होण्यासाठी मांस खाण्याची गरजच नाही. शिवाय ती अंडी माणसाच्या विष्ठेतून आलेली असतात, डुकराच्या नव्हे.

न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू घरांत डुकराचे मांस उंबऱ्याच्या आतही येत नाही. तिथल्या चार जणांना हा आजार झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अमेरिकेतले डॉक्टर चकित झाले. त्या घरांतून स्वयंपाकाला, घरकामाला असलेल्या बायका ज्या देशांतून आल्या होत्या तिथे हा कृमी सर्रास होता, आणि त्यांना स्वतःला कसलीच तक्रार नव्हती.

आणि हा दबा तरी किती वर्षांचा? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी अचानक फिट येऊ लागल्या. निवडून घेतलेली, धट्टीकट्टी माणसे ती. आरंभी लष्करी डॉक्टरांनाही उलगडा होईना. पुढे मेंदूतल्या या गाठी सापडल्या. लागण आणि पहिली फिट यांत पुष्कळांच्या बाबतीत कित्येक वर्षे गेली होती. आजही आपल्या देशात तरण्याताठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, तर डॉक्टर मेंदूचा स्कॅन सांगतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

लग्नाच्या मुलीला फिट आली तर घर हादरते, आणि मग लपवालपवी सुरू होते. फिट बाहेरची बाधा नव्हे. ती ह्या कारणाने असेल तर तिच्यावर उपचार आहेत, आणि पुष्कळदा गाठ विरूनही जाते. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका, तोंडात चमचा घालू नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

जाता जाता कोबीबद्दल. "कोबीतली अळी मेंदूत जाते," असे ऐकून कित्येक घरांत कोबी बंद झाला आहे. कोबीतली हिरवी अळी म्हणजे फुलपाखराचे किंवा पतंगाचे पिलू. ती चुकून शिजली तरी मेंदूत जात नाही. भीती आहे ती सांडपाण्यावर पिकवलेल्या कुठल्याही कच्च्या भाजीची, मग तो कोबी असो, कोथिंबीर असो की मेथीचा घोळाणा. शिजवलेला कोबी खुशाल खा.

बाळाची चाहूल आणि मांजर

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो, आणि अर्धेकच्च्या मांसातूनही पोटात जातो. निरोगी माणसाला त्याची लागण झाली तर बहुधा कळतही नाही. फार तर मानेत गाठी येतात, चार दिवस कणकण वाटते. मग तो स्नायूंत गुपचूप झोपी जातो. धोका असतो तो ह्याची पहिलीच लागण गरोदरपणात झाली तर. मग बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते.

म्हणून मांजर हाकलायला नको. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावे आणि रोजच्या रोज करावे, कारण ताज्या विष्ठेतली अंडी पिकायला एक दिवस तरी लागतो. कुंड्यांची माती हातमोजे घालून उकरावी. मटण चांगले शिजवावे, आणि कच्चे मटण कापलेल्या विळीवर लगेच काकडी चिरू नये. आपल्या रश्श्यातले मटण इतके रटरटते की त्यात काही जिवंत राहत नाही. सांभाळायचे ते निखाऱ्यावर वरवर भाजलेल्या तुकड्यांना.

एक गोष्ट मात्र मोठ्याने सांगायला हवी. दोन-तीन वेळा गर्भपात झाला की 'टॉर्च' तपासणी होते, तीत टॉक्सोप्लाझ्माचा 'आयजीजी पॉझिटिव्ह' येतो, आणि सारा दोष त्या बाईच्या माथी मारला जातो. "तूच मांजराचे लाड करत होतीस!" त्या शेऱ्याचा साधा अर्थ इतकाच, की ही लागण तिला पूर्वी कधीतरी होऊन गेली आहे. निरोगी बाईची जुनी लागण पुढच्या बाळाला सहसा बाधत नाही, आणि वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे कारण म्हणून ती धरता येत नाही. खरे कारण शोधायला चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि नवऱ्यालाही बरोबर घेऊन जा.

झोपलेल्याला जागे करू नका

असाच आणखी एक कृमी आहे, त्याचे नाव स्ट्राँगिलॉइडिस. तोही ओल्या मातीतून तळपायातून शिरतो, पण इतर जंतांसारखा बाहेर जाऊन पिकत बसत नाही. माणसाच्या आतच तो पुन्हा पुन्हा लागण करतो, म्हणून आयुष्यभर मुक्काम ठोकू शकतो. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर राबलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात तो कित्येक दशकांनंतरही सापडला. आपापल्या देशी संसार करून म्हातारी झालेली माणसे ती.

प्रतिकारशक्ती चांगली आहे तोवर हा कृमी गप्प असतो. ती खाली आणणारे औषध, मुख्यतः स्टिरॉइड, सुरू झाले की तो बेसुमार वाढून सर्वांगात पसरू शकतो, आणि मग जिवावर बेतते. कोविडच्या साथीत स्टिरॉइडचा वापर वाढला, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी या कृमीची आठवण दिली होती. डॉक्टरांनी दमा किंवा संधिवातासाठी दिलेले स्टिरॉइड मनाने बंद करायचे नाही. पण "एका पुडीत गुडघे मोकळे" अशी जी पुडी कुठल्याशा वैदूकडून आणतात तीत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. ती घरात आणू नका. आणि दीर्घकाळ स्टिरॉइड सुरू होणार असेल, तर वर्षानुवर्षे अनवाणी शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.

मग करायचे काय?

सरकारने २०१५ पासून जंतनाशक दिवस सुरू केला आहे. वर्षातून साधारण दोनदा शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. मोठ्यांना ४०० मिलिग्रॅम, १ ते २ वर्षांच्या बाळांना त्याच्या निम्मी. "आमच्या पोराला काही होत नाही," म्हणून ती चुकवू नका. हा सगळा लेख त्याच वाक्यावर आहे! गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही. नंतरची डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावी. ज्यांना पूर्वी फिट आली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंतांचे कुठलेच औषध घेऊ नये.

आजीबाईंच्या वावडिंगाबद्दल आणि डिकेमालीबद्दल मनात आदर असू द्या. पण त्यांवर विसंबून तपासणी आणि गोळी टाळू नका.

तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. सी.पी.आर.सारख्या सरकारी रुग्णालयातही ती होते. शौचाचा नमुना स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये, आणि लवकरात लवकर पोहोचवावा. जंत रोज सारखी अंडी टाकत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने दिले तर चांगले. रक्ताच्या तपासणीत 'इओसिनोफिल' नावाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तर तीही जंतांची एक खूण असू शकते.

आता घरातली कामे. कात्रण काढून फडताळाच्या दारावर लावा:

१. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी हात साबणाने धुवा. नखे कापलेली असू द्यात. बांगड्यांच्या खाली मनगटापर्यंत फेस न्या.

२. कपिलतीर्थातून किंवा लक्ष्मीपुरीतून आणलेली पालेभाजी निवडून, एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या किंवा लाल औषधाच्या पाण्यात नुसती बुडवून अंडी मरत नाहीत. ती चिकट असतात, चोळूनच निघतात.

३. मुळा, गाजर, काकडी धुऊन मग सोला, आणि सोलल्यावर पुन्हा धुवा.

४. पावसाळ्यात आणि पुरानंतर प्यायचे पाणी उकळा. पाणी काढायला दांड्याचे ओगराळे ठेवा, माठात हात बुडवू नका.

५. मटण, मासे आतपर्यंत शिजवा. कच्च्या मांसाची सुरी-विळी वेगळी ठेवा किंवा लगेच साबणाने धुवा.

६. शेतात, परसात, सार्वजनिक संडासात चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकू नका.

७. तान्ह्या बाळाची शी अंगणात किंवा गटारात टाकू नका, संडासात टाका. "लहान बाळाची शी ती काय" असे म्हणू नका, अंडी तीतही असतात.

८. एकाला जंत झाले तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा.

यातली एकही गोष्ट महागाची नाही. आणि अशा साध्या गोष्टींनी काय होते, ते आपल्या राज्याने पाहिलेले आहे. पूर्वी महाराष्ट्रात खेडोपाडी नारू होता. तोही तसाच मुका, पायविहिरीच्या पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने हातभर दोऱ्यासारखा पायातून बाहेर यायचा. त्यावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. १९८३-८४ पासून देशभर मोहीम निघाली. बायकांनी घागरीच्या तोंडाला गाळायचे फडके बांधले, नारू झालेल्याने विहिरीत पाय घालायचा नाही असे गावांनी ठरवले, पायविहिरी बदलल्या. १९९६ च्या जुलैनंतर भारतात नारूचा एकही रोगी निघाला नाही, आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आज तुमच्या मुलांना नारू म्हणजे काय हे सांगूनही कळणार नाही.

येत्या आठवड्यात एवढे करा: घरात सगळ्यांत जास्त दमणारी जी बाई आहे तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. बहुतेक घरांत ती तुम्हीच असाल.